दहिवर उडेपर्यंत

दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर फोन आला. निपाणीपलीकडच्या कुठल्याशा गावातली बाई होती. आवाज ओळखीचा नव्हता. "ताई, गेल्या साली तुमी एक कागद काढलता न्हवं? उन्हाच्या आदी, उजाडताच कामाला जायचा? त्यो पायजे हुता. आमच्या टोळीत वाटायचाय. ऊन लई हाय ओ."

मी म्हटलं, शोधते.

शोधायचं काही नव्हतंच. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या बेळगावच्या खोलीत कपाटावर पडून आहे. ते पत्रक चुकीचं आहे, ते वाटू नका, एवढंच त्या बाईला सांगायचं होतं. आठ-दहा शब्द. माईकवर अर्धा तास न थांबता बोलते मी. फोनवर ते आठ-दहा शब्द निघाले नाहीत.

खिडकीबाहेर ऊन होतं. ह्या उन्हाला काय म्हणायचं ते आता कळत नाही. पाऊस नवरात्रात उठायचा आणि मग थंडीची चाहूल लागायची, असं लहानपणी येळ्ळूरला आम्ही धरूनच चाललेलो असायचो. भातं पिवळी पडायची, आई गोधड्या उन्हात टाकायची. आता पाऊस उठतच नाही. जातो म्हणतो आणि परत येतो, दारात चपला राहिलेल्या पाहुण्यासारखा. जमीन ओलीच राहते. रात्री त्या ओलीचं दहिवर होतं आणि सकाळी झाडाझाडावरून ठिबकतं. मग दहा वाजले की त्याच रानावर चैत्रातलं ऊन पडतं. एका दिवसात दोन ऋतू. आणि दोन्ही ऋतूंत रानात बाईच उभी.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, निपाणीच्या बाजूला काळ्या रानाच्या गावात दिलेली. तिकडं तंबाखू. दसरा-दिवाळीच्या दिवसांत तंबाखूचं झाड कमरेएवढं होतं. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यातून नवे कोंब फुटतात, त्यांना पिलं म्हणतात. पिलं वाढली तर पान पोसत नाही. म्हणून ती हातानं मोडायची. आठ दिवसांनी परत येतात, परत मोडायची. हे काम बायकांचं. पुरुष पिलं मोडताना मी पाहिलेला नाही. त्यांना वाकवत नाही म्हणतात.

पिलं मोडली की हाताला चीक लागतो. आधी हिरवा, मग तपकिरी, संध्याकाळपर्यंत काळा. राखेनं घासा, चिंचेनं घासा, जात नाही. भाकरी मोडली की भाकरी कडू लागते. आत्तीच्या घरी मी पहिल्यांदा एक दिवस पिलं मोडायला गेले तेव्हा रात्रीचं जेवण मला गिळवेना. आत्ती हसली. "तंबाकूवालीच्या हातचं तिला सोताला गोड लागत न्हाय, वैजे. पोरास्नी चमच्यानं भरवाय लागतंय."

आत्ती टोळीची म्होरकी. तिच्या मागं बारा बाया. त्यात तिची सून, माझी सुनंदावहिनी. सगळ्यांच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. आठ वाजता त्या रानाच्या बांधावर जायच्या आणि बसायच्या. नुसत्या बसायच्या. नऊपर्यंत, कधी साडेनऊपर्यंत. कुणी भाजी निवडायची, कुणी दुसरीच्या केसातली ऊ काढायची, कुणी नवऱ्याची नक्कल करायची. मधूनच आत्ती उठायची, कडेच्या झाडाचं एक पान मुठीत दाबायची आणि तळहात बघायची. तळहात ओला झाला की परत येऊन बसायची. कोरडा राहिला की म्हणायची, "चला गं. दहिवर उडालं."

मला त्या बसण्याचा राग यायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण यायचा. दहा ते पाच उन्हात भाजून निघतात आणि गारव्याचा तास-दीड तास गप्पांत घालवतात! गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्या टोळीतली एक बाई दुपारी बांधावरच कोसळली. दुसरीला लघवीला जळजळ, तिसरीला तेच, चौथीला ताप. पाणी पीत नव्हत्या. का पीत नव्हत्या ते विचारल्यावर पारू नावाची टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई म्हणाली, "प्यायचं आणि मग बसायचं कुठं ओ ताई? उसात आडोसा असतोय. तंबाकूत बसलं तर रस्त्यावरच्या यष्टीतनं दिसतंय." सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मी वहीत लिहून घेतलं. राग आला की लिहून घ्यायचं आणि लिहिलं की छापायचं, एवढंच मला येतं. येळ्ळूरात वाढलेली पोरगी मी, अक्षरं गिरवायच्या आधी घोषणा द्यायला शिकले. सीमालढ्याच्या मोर्चात वडिलांच्या, अण्णांच्या खांद्यावर बसून दिलेल्या. घोषणा अर्धवट असून चालत नाही, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. "शक्यतो", "पण", "विचारून बघा" असले शब्द घोषणेत बसत नाहीत.

आमच्या समितीच्या नावानं काढलेलं पत्रक झकास झालं. ऊन कसं वाढलंय, पाऊस कसा फिरलाय, ह्यात त्या बायांचा काडीचा वाटा नसताना किंमत त्यांच्या मूत्रपिंडानं आणि गर्भाशयानं का मोजायची, सगळं खणखणीत. आणि शेवटी मागणी: कामाची वेळ उजाडल्यापासून साडेअकरापर्यंत, हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पूर्ण. मराठीत एका बाजूला, कन्नडमध्ये दुसऱ्या बाजूला.

देवळासमोर बैठक घेतली. आत्तीनं कागद हातात घेतला, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाली, "समदं बरूबर हाय. पर दहिवराचं काय?"

"दहिवराचं काय म्हणजे?"

"दहिवर हाय तवर तंबाकूच्या पानाला हात लावू न्हाय. वलं पान अंगात उतरतंय. माझ्या सासूनं सांगितलं, तिच्या सासूनं तिला सांगितलं."

"आणि तिच्या सासूनं मांजर आडवं गेलं की घरी परत या, असंही सांगितलं असेल," मी म्हणाले. बाया खळखळून हसल्या. मला हशा मिळाला की मी सुटते. मी पुढं म्हणाले, "आत्ती, ऊन खरं आहे. उन्हानं माणूस मरतो, दवानं मेलेला माणूस मला दाखव. असल्या समजुतींवर बसून राहिलात म्हणून मालकाचं फावतं."

आत्ती गप्प बसली. ती कुणापुढं गप्प बसणारी बाई नव्हे. कागदापुढं बसली. छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, असं तिला वाटलं. तपासलं नव्हतं. मी उन्हाबद्दल वाचलेलं, पाण्याबद्दल वाचलेलं. तंबाखूच्या झाडाबद्दल जिनं चाळीस वर्षं झाड हातात धरलंय तिला विचारायचं सोडून मी तिच्यावर विनोद केला.

रानाच्या मालकानं दुसऱ्या दिवशी होकार दिला. इतक्या सहज, इतक्या गोड बोलून, की तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मी मात्र बेळगावला समितीत फोन करून सांगितलं, जिंकलो.

सुनंदावहिनीला तेव्हा दोन महिने झाले होते. लग्नाला सहा वर्षं. ह्या सहा वर्षांत गावातल्या प्रत्येक हळदी-कुंकवात तिच्या ओटीकडं कोण कसं बघायचं ते मी पाहिलेलं आहे. आता कुठं दिवस राहिले होते. तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचं नाही, म्हणून घरात आत्तीला, वहिनीच्या नवऱ्याला आणि मला एवढंच माहीत. आत्ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला घरात ठेवू का गं? पर मग टोळीत इचारतील, का येत न्हाय म्हणून."

आणि मी म्हणाले, "उलट तिच्यासाठी तर ही वेळ चांगली. ऊन लागायचं नाही. गारव्यात काम, दुपारी झोप."

हे मी बोलले. पत्रकात नव्हतं, समितीचं नव्हतं, माझं होतं.

त्या दिवसांत रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर जायचे. फार सुंदर सकाळी होत्या त्या, हेही लिहायला हवं. धुकं अंगणातल्या कपड्यासारखं खाली लोंबायचं. तंबाखूची रुंद पानं पाण्यानं जड झालेली, बाया ओळीत शिरल्या की सपसप आवाज व्हायचा. दहा मिनिटांत शर्ट भिजून छातीला, पोटाला चिकटायचा. वाळायला अकरा वाजायचे. तोवर ते पाणी अंगावरच. कडवट, हिरवा वास. मी बांधावरून फोटो काढले. एका फोटोत वहिनी हसतेय, हनुवटीवरून दहिवर ओघळतंय. तो फोटो आम्ही पुढच्या पत्रकावर घ्यायचा ठरवला होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी एकीला, मग तिघींना. डोकं गरगरतं, घाम फुटतो, पोटात ढवळतं. दुपारी झोपलं की बरं वाटतं, सकाळी परत. पारू म्हणाली, "पाचजणी एकदम! टोळी हाय का बाळंतिणीची खोली? मुकादमीणबाई, पाळणं इकाय काढा आता." वहिनीही पदर तोंडाला लावून हसली. तिला तर ओकारीचं कारण ठाऊकच होतं, गोड कारण. घरात आत्ती तिला लिंबाची फोड द्यायची आणि मला डोळ्यानं खुणावायची, होतंय असं सुरुवातीला. एका बाईच्या ओकारीला एकदा कारण मिळालं की पुढं कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. माझ्या वहीत त्या आठवड्याची नोंद आहे: उन्हाचा त्रास एकदम कमी.

दिवाळीच्या आधी वहिनी ओळीत खाली बसली ती उठली नाही. आम्ही तिला निपाणीच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

ती झोपल्यावर डॉक्टरीण बाहेर आली. वयानं माझ्याएवढीच, कन्नडमध्ये बोलत होती. तिनं वहिनीचे काळे पडलेले हात बघितले होते. विचारलं, "सकाळी ओल्या पानात जाते का ही?" मी हो म्हटलं. तिनं सांगितलं, तंबाखूचं विष पाण्यात उतरतं, ते पाणी कातडीतून अंगात जातं, ओला कपडा अंगावर राहिला तर फारच. ओकारी, चक्कर, हातापायाला कंप. पोटुशीनं तर त्या ओलीत पाऊलही टाकू नये. मग माझा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, "बाळ ह्यानंच गेलं असं मी सांगू शकत नाही. पहिल्या महिन्यांत अनेक कारणांनी जातं. पण ह्यानं नाही, असंही मी सांगणार नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "नाही." कन्नडमध्ये. खोटं दुसऱ्या भाषेत बोलायला सोपं जातं असं मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी टोळीला सांगितलं, आता गारठा पडलाय, साडेनऊला गेलात तरी चालेल. बस्स. कारण सांगितलं नाही. ओकाऱ्या थांबल्या, कुणी विचारलंही नाही. टोळी वाचली म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पत्रक मागं घेतलं नाही, चूक झाली म्हटलं नाही, आत्तीला तू बरोबर होतीस म्हटलं नाही.

घरात मात्र कारण शोधणं चालू झालं. बाई पोटुशी असताना काही झालं की कारण तिच्याच अंगात, तिच्याच वागण्यात शोधतात. त्या आठवड्यात वहिनी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून निपाणीच्या बाजाराला गेली होती. रस्त्याला खड्डे. "हौस नडली," आत्ती म्हणाली. एकदा नव्हे. पाहुणे आले की, दुसऱ्या कुणाला दिवस गेले की, कारण नसताना भांडी घासता घासता. दर खेपेला मी आत्तीकडं गेले की ऐकायचे. वहिनी बाजाराला जायची बंद झाली होती. एकदा चुलीपुढं बसून ती मला आपण होऊन म्हणाली, "मीच गेलतो वन्सं. नगो म्हणलं असतं तर ते नेणार नव्हतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या हातात उत्तर होतं आणि मी हात फिरवला.

आम्ही उन्हावर बोलतो, पावसावर बोलतो. ऋतू फिरला म्हणजे काय झालं, ते मला ह्या बायांच्या घड्याळात दिसतं. पूर्वी दहिवर आठाला उडायचं आणि ऊन दुपारी बारानंतर चढायचं. आता दहिवर साडेनवापर्यंत पानावर आणि अकराला ऊन डोक्यात. सकाळीही विष, दुपारीही विष. मधली जी सुरक्षित जागा होती ती दोन्ही बाजूंनी खाल्ली गेली. दीड तास उरला. दीड तासाच्या कामाला पूर्ण हजेरी दे म्हणून मालकाकडं गेलं तर तो गोड बोलणार नाही. खरी मागणी हीच होती. मी सोपी मागणी केली, कारण ती घोषणेत बसत होती. गारव्यात पिलं झटाझट मोडली जातात; मालक आपला तोटा कुठल्या वेळेला होत नाही ते जाणतो, बाई आपला जीव कुठल्या वेळेला जातो ते जाणते. ह्या दोघांच्या मध्ये मी कागद घेऊन उभी राहिले आणि चुकीच्या बाजूला सरकले.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेची निपाणीची एसटी धरली.

आत्ती सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, वहिनी आत. मी आधी वहिनीला बोलावलं. म्हटलं, दोघींसमोर बोलायचंय. आणि सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली, कधी म्हणाली, मी काय केलं, काल कुणाचा फोन आला. उभ्यानं बोलत होते. मध्येच लक्षात आलं, भाषणाला उभी राहते तशी उभी आहे. मग बसले.

आत्तीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वरीसभर ठाव हुतं तुला?"

"होय."

"आणि मी हिला वरीसभर बोलतोय."

मी पायाशी पडलेली टरफलं गोळा करू लागले.

"मी म्हणलं हुतं तुला. देवळासमोर म्हणलं हुतं." ती माझ्याकडं बघत नव्हती. "म्हणलं हुतं, आणि परत मीच हिला पाटंचं हाक मारून उठवीत हुतो." मग ती उठली, आत गेली आणि चहा ठेवला. सून घरात असताना आत्तीनं चहा ठेवलेला मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. तिनं कप वहिनीपुढं ठेवला, वर न बघता. वहिनीनं घेतला नाही. चहावर साय धरली.

मग वहिनीनं मला विचारलं, "म्हंजे बाजाराला गेल्यानं न्हवं?"

"डॉक्टरीण नक्की काही सांगता येत नाही म्हणाली. पण बाजाराबद्दल तिनं विचारलंसुद्धा नाही."

"एवढं तरी सांगायचं हुतं वन्सं. एवढंच. बाकीचं तुमाला सांगाय जमत नव्हतं तर नव्हतं."

तेव्हा मी पिशवीतून नव्या पत्रकाचा कच्चा कागद काढला. येताना एसटीत लिहिला होता. काहीतरी हातात घेऊन आले आहे, हे दाखवायचं होतं मला. वहिनी दहावी झालेली. तिनं कागद उजेडाकडं धरून वाचला, सावकाश, बोट फिरवत.

"'गेल्या वर्षी ओल्या पानात काम केल्यामुळे काही भगिनींना त्रास झाला,'" तिनं मोठ्यानं वाचलं. मग मान वर केली. "भगिनी कोण?"

मी कागदाकडं हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही.

"त्रास कसला? मालकाबद्दल लिवताना तुमी फाडून काढता की. हितंच जीभ का जड झाली?"

"तुझं नाव नको म्हणून—"

"माझं नाव कुणी मागितलंय? माझं गेलं, ते समद्या गावाला ठाव हाय." तिनं कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि 'समिती' लिहिलेल्या जागेवर बोट टेकवलं. तिच्या नखाच्या कडेला ह्या वर्षीच्या पिलांचा काळा चीक होता. "हितं तुमचं नाव घाला. आणि वर काय झालं ते लिवा. कुणी लिवलतं, कुणी नगो म्हणलतं, काय गेलं. डॉक्टरीण नक्की सांगता येत न्हाय म्हणली ते बी लिवा, उगं वाढवून नगो. त्या फोनवालीच्या टोळीत बी एकादी असंल, तिसऱ्या म्हयन्यातली, कुनाला न सांगता जाणारी."

मी पेन काढलं. पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. दुसरं लिहिलं. आत्ती आतून बाहेर आली, उंबऱ्यावर बसली. वहिनी माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. कामाची वेळ झाली होती, टोळीतली कुणीतरी रस्त्यावरून तिला हाक मारून गेली. ती उठली नाही. मी लिहीपर्यंत तिथंच बसून राहिली.